नळ खडखडतो? आधी कारण शोधा!
घरातल्या पाइपांचे आवाज बंद करण्याचे सोपे उपाय

"नळ आले!" ही हाक उठली की बुलडाणा असो, खामगाव असो की मेहकर, आपल्या वस्त्यांत सगळे घर कामाला लागते. आपल्या जिल्ह्यात बऱ्याच ठिकाणी नळ रोज येत नाहीत. एक दिवसाआड, कुठे त्याहून जास्त दिवसांनी येतात आणि वेळही कधी पहाटेची, तर कधी मध्यरात्रीची. म्हणून ज्यांना जमले त्यांनी स्लॅबवर काळी टाकी बसविली, अंगणात हौद बांधला, मोरीत आणि न्हाणीत नळ फिरविले. डोक्यावरचा हंडा खाली उतरला, ही मोठीच गोष्ट झाली. पण टाकीबरोबर घरात एक नवा त्रासही शिरला, तो म्हणजे पाइपांचा आवाज.

नळ बंद केला की भिंतीत 'ठक्' असा ठोका बसतो. टाकी भरत आली की 'ढब ढब ढब' सुरू होते. कुठे नळ शिट्टी मारतो, कुठे मोरी गुडगुडते. बंगल्यात राहणाऱ्याला याचे फारसे काही वाटणार नाही, कारण त्याची झोपायची खोली वेगळी असते. आपली घरे दोन खोल्यांची. त्याच भिंतीला टेकून एमआयडीसीतून रात्रपाळी करून आलेला माणूस झोपलेला असतो, त्याच भिंतीशी दहावीची मुलगी पुस्तक घेऊन बसलेली असते आणि तिथेच बाळंतिणीची खाट असते. दिवसभर राबणाऱ्या माणसाची झोप ही त्याची दुसऱ्या दिवसाची मजुरी आहे. ती एका सैल नळापायी मोडू देणे परवडणारे नाही.

आवाजाकडे दुर्लक्ष केले तर दुसरे नुकसान होते. ठोके बसणारा पाइप सांध्यात हळूहळू सैल होतो आणि एक दिवस भिंतीच्या आत फुटतो. मग भिंत फोडा, गवंडी आणा, पाणीही गेले आणि पैसाही गेला.

तिसरे नुकसान डोक्याचे. रात्री दोन वाजता छतावरून ठोके ऐकू आले की कोणी तरी म्हणतेच, "घरात काही तरी आहे." मग अंगारा, लिंबू, उतारा आणि खिसा रिकामा करणारा कोणी तरी बाबा. ज्यांनी १९५६ साली नागपूरच्या दीक्षाभूमीवर बुद्धाचा धम्म घेतला त्यांच्या घरात या गोष्टींना जागा नाही. जादूटोण्याच्या नावाने लोकांना फसविणाऱ्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१३ पासून कायदाही आहे. कारणावाचून काही घडत नाही आणि कारण काढून टाकले की परिणामही नाहीसा होतो, ही बुद्धाची शिकवण आपण वंदनेच्या वेळी ऐकतो. तीच आज आपण पाइपाला लावून पाहू.

पाण्याचा हातोडा

सर्वांत जास्त ऐकू येणारा आवाज म्हणजे नळ झटकन बंद केल्यावर बसणारा ठोका. याला पाण्याचा हातोडा म्हणतात आणि हे नाव अगदी योग्य आहे.

अर्ध्या इंची पाइपात एका मीटर लांबीत साधारण पावणेदोनशे मिलिलिटर पाणी असते. टाकीपासून न्हाणीपर्यंत तीस मीटर पाइप असेल तर त्यात सव्वापाच लिटर, म्हणजे सव्वापाच किलो पाणी झाले. नळ सुरू असताना हे सगळे वजन पुढे धावत असते. आपण तोटी एकदम बंद केली की धावणारे हे पाणी बंद दारावर आदळते. पाणी दबून लहान होत नाही. मग तो धक्का पाइपातून उलटा जातो, पुन्हा परत येतो आणि सैल पाइप भिंतीवर आपटतो.

रशियातील शास्त्रज्ञ निकोलाय झुकोव्हस्की यांनी १८९७-९८ मध्ये मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवर प्रयोग करून याचे गणित मांडले. सेकंदाला एक मीटर वेगाने वाहणारे पाणी लोखंडी पाइपात क्षणात अडविले तर जास्तीत जास्त धक्का सुमारे १३० मीटर उंच पाण्याच्या दाबाइतका बसू शकतो. प्लास्टिकचा पाइप थोडा लवचीक असल्याने त्यात तो साधारण ४० ते ६० मीटरपर्यंत जातो. आपल्या स्लॅबवरच्या टाकीचा नेहमीचा दाब जेमतेम तीन-चार मीटरचा असतो. म्हणजे ठोका बसतो त्या क्षणी पाइपाला किती सोसावे लागते ते पाहा!

यावरून पहिला उपाय कळतो आणि त्याला एक पैसाही लागत नाही. नळ हळू बंद करा. पूर्वीची पितळी तोटी तीन-चार फेरे फिरवावी लागे, त्यामुळे पाणी सावकाश थांबत असे. आताच्या दांडीच्या तोट्या पाव फेऱ्यात बंद होतात, म्हणून नव्या घरांत ठोका जास्त ऐकू येतो. लेकरांना हे समजावून सांगा. दोन सेकंद सावकाश फिरविले तर निम्मे काम होते.

दुसरा उपाय, पाण्याचा वेग कमी करा. टाकीखालचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवण्याऐवजी थोडा आवळा. बादली भरायला थोडा वेळ जास्त लागेल, पण ठोका सौम्य होईल आणि पाणीही वाचेल.

तिसरा उपाय म्हणजे हवेची उशी. जो नळ ठोका देतो त्याच्याजवळ पाइपाला 'टी' लावून वर दीड फूट उभा पाइप बसवायचा आणि त्याचे वरचे तोंड टोपीने पक्के बंद करायचे. हा तुकडा मूळ पाइपापेक्षा एक माप मोठा घेतला तर उत्तम. त्यात हवा अडकून राहते. पाण्याचा धक्का आला की ती हवा दबते आणि धक्का गिळून टाकते. काही महिन्यांनी ही हवा पाण्यात विरते आणि ठोका परत येतो. तेव्हा टाकीचा व्हॉल्व्ह बंद करून घरातले सगळे नळ उघडावेत, पाइप पूर्ण रिकामा होऊ द्यावा आणि मग पुन्हा पाणी सोडावे. उशी पुन्हा हवेने भरते.

पाइपाला धरून ठेवा

बऱ्याच घरांत धक्का लहान असतो, पण पाइप मोकळा लोंबत असल्याने आवाज मोठा होतो. ओळखायची खूण सोपी आहे. एकाने नळ उघडझाप करावी, दुसऱ्याने पाइपावर हात दाबून धरावा. हात ठेवताच आवाज थांबला तर दोष पकडीचा आहे.

यासाठी क्लॅम्प, गट्टू आणि स्क्रू लागतात. त्याबरोबर सायकलच्या दुकानातून पंक्चर झालेली जुनी ट्यूब मागून आणा. तिच्या दोन बोटे रुंदीच्या पट्ट्या कापा. पाइपाभोवती पट्टी गुंडाळा आणि तिच्यावर क्लॅम्प बसवा. पाइप आणि भिंत यांच्यामध्ये रबर आले की कंप भिंतीत उतरत नाही. प्लास्टिकच्या आडव्या पाइपाला दर तीन फुटांवर आणि लोखंडी पाइपाला दर सहा फुटांवर पकड असावी. वळणाजवळ, म्हणजे एल्बोच्या जवळ, एक जास्तीची पकड द्या, कारण धक्का तिथेच जास्त बसतो.

पाइप भिंतीतून आरपार जातो तिथे तो विटेवर घासतो. ते भोक जरा मोठे करून त्यात मोठ्या पाइपाचा तुकडा बसवावा आणि आपला पाइप त्यातून न्यावा. मधल्या फटीत रबराची पट्टी भरावी.

उन्हाळ्यात टकटक का होते?

आपल्याकडचे ऊन कसे असते ते सांगायला नको. गच्चीवरचा प्लास्टिकचा पाइप दुपारी तापतो, लांबतो आणि रात्री आकसतो. दहा मीटर पाइपाचे तापमान वीस अंशांनी वाढले तर पीव्हीसी पाइप बारा ते सोळा मिलिमीटर लांब होतो. लोखंडी पाइप तेवढ्यात अडीच मिलिमीटरच वाढतो. लांबणारा पाइप क्लॅम्पमध्ये अडकला की 'टक् टक्' असे सरकत जातो. संध्याकाळनंतर छतावर कोणी तरी चालत असल्याचा जो भास होतो, त्याचे कारण अनेकदा हेच असते.

म्हणून प्लास्टिकचा पाइप क्लॅम्पमध्ये करकचून आवळू नये. तो धरलेला असावा, पण लांबीत सरकता यावा. सरळ लांब पाइपात एखादे वळण दिले तर वाढ तिथे सामावते. पाइपावर पोते किंवा जुने कापड गुंडाळले तर तो कमी तापतो आणि उन्हाने लवकर कडकही होत नाही.

टाकीची ढबढब

टाकी भरत आली की होणारी ढबढब फुग्याच्या व्हॉल्व्हची असते. पाणी वर येते तसा फुगा पाणी बंद करू लागतो. तेवढ्यात टाकीत लाटा उठतात. लाटेवर फुगा नाचतो आणि व्हॉल्व्ह क्षणात उघडतो, क्षणात मिटतो. प्रत्येक वेळी एक ठोका.

त्यावर असा उपाय करा. आधी नळाचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा. फुग्याच्या व्हॉल्व्हमधला वायसर पाहा. तो चिरलेला, कडक झालेला असेल तर बदला. दांडी सैल हलत असेल तर तिचा खिळा बदला. एवढ्याने थांबले नाही तर प्लास्टिकचा एक स्वच्छ लहान डबा घ्या, तो फुग्याच्या दांडीला नायलॉनच्या दोरीने असा बांधा की तोंड वर राहून तो पाण्यात बुडालेला असेल. पाण्यातला हा डबा ब्रेकसारखे काम करतो आणि फुग्याला नाचू देत नाही.

टाकीत वरून धो धो पडणाऱ्या पाण्याचा आवाजही मोठा असतो. त्यासाठी काही जण आत येणाऱ्या पाइपाला तुकडा जोडून तो थेट पाण्यात बुडवितात. आवाज थांबतो, पण यात एक धोका आहे. नळ गेल्यावर मुख्य पाइप रिकामा होतो आणि बुडालेल्या तुकड्यातून आपल्या टाकीचे पाणी उलटे खेचले जाते. भरलेली टाकी रिकामी होते आणि तिच्यातला गाळ सगळ्या गल्लीच्या नळात जातो. म्हणून तुकडा जोडायचाच असेल तर पाण्याच्या पातळीच्या वर, टाकीच्या आतल्या बाजूला, त्याला एक बारीक भोक जरूर पाडा. तिथून हवा शिरली की उलटा ओढा तुटतो. त्याहून सोपे म्हणजे पाणी टाकीच्या आतल्या भिंतीवरून घसरत जाईल असे वळण द्यावे.

फुसफुस, शिट्टी आणि गुडगुड

फुसफुस : नळ येण्याआधी जी फुसफुस होते ती पाइपात भरलेल्या हवेची. नळ रोज येत नसेल तर मधल्या काळात पाइप रिकामा असतो. पाणी आले की ते या हवेला पुढे ढकलते. त्या वेळी तोटी पूर्ण उघडी ठेवू नका. थोडी उघडून हवा जाऊ द्या. पहिले गढूळ पाणी फरशीला किंवा झाडांना वापरा आणि मग पिण्याचे भरा.

टाकीच्या पाण्यातही नळ थुंकल्यासारखा करत असेल तर पाइपात हवा अडकली आहे. टाकीच्या खालच्या व्हॉल्व्हनंतर लगेच 'टी' लावून टाकीच्या माथ्यापेक्षा उंच असा हवेचा पाइप उभा करावा. त्याचे तोंड खाली वळवून त्यावर बारीक जाळी किंवा कापड बांधावे, म्हणजे डास आत जात नाहीत. डेंग्यूचा डास साठविलेल्या पाण्यातच वाढतो, हे विसरून चालणार नाही.

शिट्टी : पाण्याची वाट अरुंद झाली की शिट्टी वाजते. झिजलेला वायसर हे पहिले कारण, क्षार हे दुसरे. नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हा पूर्णेकाठचा आपला खारपाणपट्टा. बोअरचे पाणी वापरणाऱ्या घरांत तोटीच्या जाळीवर पांढरा थर बसतो. जाळी काढून ती लिंबाच्या रसात किंवा व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवा आणि सकाळी जुन्या दातांच्या ब्रशने घासा. जुना लोखंडी पाइपच आतून भरला असेल तर तेवढा तुकडा बदलण्याशिवाय इलाज नाही.

वायसर बदलायला पंधरा मिनिटे लागतात. टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा आणि नळ उघडून पाणी जाऊ द्या. तोटीवर फडके गुंडाळून पान्ह्याने वरचा भाग सोडवा. आतल्या दांडीच्या टोकाचा वायसर काढून दुकानात दाखवा आणि त्याच मापाचा आणा. बसवून हलक्या हाताने आवळा. पाव फेऱ्याच्या तोटीत वायसर नसतो. तिचा आतला पूर्ण भाग बदलावा लागतो. आटे असलेल्या सांध्याला टेफ्लॉन टेपचे सात-आठ वेढे द्या, मात्र आटे ज्या दिशेने आवळतात त्याच दिशेने.

याच वायसरमुळे नळ ठिबकतोही. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला आणि सेकंदाला एक थेंब पडला तर दिवसाला सव्वाचार लिटर, महिन्याला सुमारे १३० लिटर पाणी जाते. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या जल जीवन मिशनने खेड्यातल्या माणसामागे दिवसाला ५५ लिटरचे माप ठरविले. म्हणजे एका ठिबकत्या नळात महिन्याला दोन माणसांच्या एका दिवसाच्या पाण्याहून जास्त पाणी वाया जाते.

गुडगुड : मोरी गुडगुडत असेल तर सांडपाण्याच्या पाइपात हवा जायला वाट नाही किंवा केस आणि साबणाचा गाळ साचला आहे. जाळी काढून गाळ उपसा, वाकविलेल्या तारेने आतली घाण ओढून काढा. तरीही थांबले नाही तर सांडपाण्याच्या पाइपाला छताच्या वर जाणारा हवेचा पाइप लावावा. त्याने दुर्गंधीही कमी होते.

टिल्लूचा प्रश्न

आता थोडे कडू बोलतो. अनेक घरांत नळाला थेट टिल्लू मोटर लावलेली असते. तिची घरघर पाइपातून तीन घरांपर्यंत जाते. पण आवाजापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे ही मोटर शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी ओढते. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या म्हातारीच्या नळाला मग थेंब येत नाही. शिवाय मोटर पाइपात ओढ निर्माण करते, आणि कुठे सांधा फुटका असला तर गटाराचे पाणी त्यातून आत येते. ते आपल्याच लेकरांच्या पोटात जाते. नगरपालिका यावर बंदी घालतात ती याचसाठी.

उपाय हा की नळाचे पाणी आधी जमिनीलगतच्या हौदात आपल्या वेगाने येऊ द्यावे आणि मोटर हौदातून वर चढविण्यापुरती लावावी. तिच्याखाली रबराचा जाड तुकडा ठेवा. मोटर आणि पाइप यांच्यामध्ये हातभर जाड रबरी नळी जोडा, म्हणजे कंप पुढे जात नाही. मोटरमधून खडे घोळल्यासारखा आवाज आला तर ती पुरेसे पाणी ओढू शकत नाही. फूट व्हॉल्व्हची जाळी तुंबली आहे का किंवा ओढीच्या पाइपाचा सांधा हवा घेतो आहे का, ते पाहा.

हे मात्र करू नका

१. मोटरला हात लावण्याआधी नुसते बटण बंद करून थांबू नका, प्लग काढून ठेवा. ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहू नका. मोटरला अर्थिंग असलेच पाहिजे.
२. गिझर किंवा गरम पाण्याच्या पाइपाची दुरुस्ती स्वतः करू नका. गिझरचा सुरक्षा व्हॉल्व्ह ठिबकतो म्हणून तो कधीही बंद करू नका.
३. पिण्याच्या पाण्याच्या सांध्याला शिशाचा सफेदा लावू नका.
४. मोरीत ॲसिड ओतू नका. धूर छातीत जातो आणि पाइपही खराब होतो.
५. टाकीचे झाकण उघडे ठेवून खाली उतरू नका. लहान मुले वर असताना तर मुळीच नाही.
६. ओल भिंतीत दिसू लागली किंवा पाइप आतून फुटल्याचा संशय आला तर जाणकार प्लंबरलाच बोलवा.

विहारात एक पेटी

पाइप पान्हा, साधा पान्हा, स्क्रू ड्रायव्हर, करवत, हातोडी, टेफ्लॉन टेप आणि वायसरचे दोन-चार नग, एवढ्या सामानात वरची बहुतेक कामे होतात. प्रत्येक घराने ते घ्यावे अशी गरज नाही. वस्तीने वर्गणी काढून एक पेटी विहारात ठेवावी. रविवारच्या वंदनेनंतर दोन तरुणांनी दोन घरांचे नळ पाहावेत, पाहता पाहता आणखी दोघांनी शिकावे. महिला मंडळाने तर यात आधी पुढे यावे. नळाशी सगळ्यात जास्त संबंध भगिनींचा येतो आणि वायसर बदलायला ताकद लागत नाही. ज्या मुलामुलींना यात गोडी वाटेल त्यांनी आयटीआयमधला नळ कारागीर हा एक वर्षाचा अभ्यासक्रम जरूर पाहावा. बांधकाम चालू आहे तोवर या हाताला काम आहे.

नळ आपल्यासाठी नुसता पितळेचा तुकडा नाही. साताऱ्याच्या शाळेत बाल भीमरावांना तहान लागली तरी नळाला हात लावता येत नव्हता. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. त्याच बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात तो खटला जिंकला. पुढे विहिरी, तळी आणि पाणवठे कोणालाही नाकारता येणार नाहीत हे संविधानाच्या पंधराव्या कलमात आले. आपल्याच जिल्ह्यात देऊळगाव राजा तालुक्यातले मेहुणा राजा हे संत चोखामेळ्यांचे जन्मगाव मानतात. १९४८ मधला 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ बाबासाहेबांनी ज्या तिघांच्या स्मृतीला अर्पण केला त्यांत चोखोबा आहेत. खडकपूर्णा धरणाच्या जलाशयाला आज त्यांचेच नाव आहे.

एवढा लढा देऊन जे पाणी आपल्या दारात आले, त्याचा नळ नीट राखणे हे आपलेच काम आहे. येत्या रविवारी अर्धा तास काढा. घरातला एकेक नळ उघडा, बंद करा, कान देऊन ऐका. आवाज कुठून येतो ते कळले की अर्धे काम झाले. उरलेले अर्धे सायकलच्या जुन्या ट्यूबने आणि एका वायसरने होईल.

जय भीम!